फँटसी हॉकी लीग: आयआरवरून परत येणाऱ्या खेळाडूमुळे टीम कॅपच्या वर जाणार, कमिशनरने काय करायचं?

कासारवडवली_कमिशनर:

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय कारण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील. आमची दहा जणांची एनएचएल (अमेरिका-कॅनडाची आइस हॉकी लीग) फँटसी लीग आहे, म्हणजे खऱ्या खेळाडूंची कागदावर टीम करायची आणि ते मॅचमध्ये जे करतील त्याचे पॉइंट्स आपल्याला, सगळे ठाणे, ऐरोली, घणसोली इकडचेच, बहुतेकांना ऐरोलीत कॅनडाच्या क्लायंटची नाइट शिफ्ट करता करता हॉकीचं वेड लागलं आणि ते काही सुटलं नाही. कीपर लीग आहे, म्हणजे दरवर्षी काही खेळाडू पुढच्या सीझनला ठेवता येतात, आणि कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगाराची मर्यादा, खऱ्या लीगचाच धरतो, २०२५-२६ साठी ९५.५ मिलियन डॉलर. खेळाडूचा हिट, म्हणजे कॅपमध्ये मोजायचा त्याचा आकडा, पण खऱ्यासारखाच, काँट्रॅक्टची एकूण रक्कम भागिले वर्षं. एंट्री फी नाही, जिंकेल त्याला बाकीच्यांनी तलावपाळीला फिरवून मामलेदारची मिसळ खायला घालायची, एवढंच. पण मंडळी त्या मिसळीसाठी जीव टाकतात.

आता भांडण काय ते सांगतो. फ्लोरिडा पँथर्सच्या मॅथ्यू टकाचकचं ऑगस्टमध्ये ऑपरेशन झालं, सीझनची सुरुवात तो खेळणार नाही हे सगळ्यांना माहीत होतं, त्यामुळे ड्राफ्टमध्ये (सीझनआधी पाळीपाळीने खेळाडू निवडतो तेव्हा) त्याला कोणी हात लावेना, आणि शेवटच्या राउंडमध्ये एका मेंबरने त्याला उचलून सरळ आयआरवर (इंज्युअर्ड रिझर्व्ह, जखमी खेळाडूंची वेगळी जागा) टाकलं. टकाचकचा हिट ९.५ मिलियन. आमच्या नियमात लिहिलंय की आयआरवरच्या खेळाडूचा हिट कॅपमध्ये धरायचा नाही. मग त्याने उरलेली टीम पार ९५ पर्यंत भरली. आता टकाचक परत आला की त्याची टीम जाते १०४ च्या वर. मी विचारलं की बाबा मग सोडणार कोणाला, तर तो म्हणतो कोणालाच नाही, कारण आपल्या नियमात "कॅप ॲड आणि ट्रेडच्या वेळी तपासला जाईल" असं आहे (ॲड म्हणजे बाहेरचा खेळाडू टीममध्ये घेणं, ट्रेड म्हणजे मेंबरांतली अदलाबदल) आणि आयआरवरून ॲक्टिव्ह करणं ही ॲड नाही. आणि ॲप पण तेच करतं, आयआरमधून उचलून लाइनअपमध्ये टाकलं की ट्रान्झॅक्शनमध्ये नोंदच येत नाही.

ग्रुपवर आग लागली आहे. चार जण म्हणतात ही सरळ फसवणूक आहे, आत्ताच नियम बदल. तिघे म्हणतात नियम आहे तो आहे. आणि सगळ्यात अवघड म्हणजे हा मेंबर माझा सख्खा मेहुणा आहे, त्याच्या बाजूने बोललो तर म्हणतात बायकोचा भाऊ म्हणून पाठीशी घालतोय आणि विरुद्ध गेलो तर घरात काय होईल ते सांगायला नको. रूलबुकमध्ये शेवटी एक ओळ आहे, "वाद झाल्यास कमिशनरचा निर्णय अंतिम". तीच ओळ आता नकोशी झालीय. काय करू?


वाशी_विंगर:

दादा, माझं मत स्पष्ट आहे, नियम जसा लिहिलाय तसा चालवायचा. तुमच्याकडे जे झालंय ते खऱ्या लीगमध्ये अगदी असंच झालेलं आहे. २०२०-२१ ला टँपा बेचा निकिता कुचेरोव, त्याचं डिसेंबरमध्ये हिपचं ऑपरेशन, कोविडमुळे ५६ मॅचचाच सीझन होता आणि तो अख्खा त्याने आयआरवर काढला, टँपाने तेवढ्या सवलतीत बाकीची टीम धरून ठेवली, आणि प्लेऑफच्या पहिल्या मॅचला तो हजर. तेव्हा प्लेऑफमध्ये कॅप मोजतच नव्हते. टीम जवळपास १८ मिलियन कॅपच्या वर, कुचेरोवने ३२ पॉइंट्स काढले, प्लेऑफमध्ये सगळ्यात जास्त, आणि स्टॅनली कप टँपाने नेला. त्याचा हिट किती होता माहितीये? तोच, ९.५.

तेव्हा पण लोक फसवणूक फसवणूक ओरडत होते. लीगने काय केलं? कप काढून घेतला नाही, दंड केला नाही, कारण लिहिलेल्या नियमात बसत होतं. नियम बदलला तो नंतर, सगळ्यांशी बोलून, २०२५-२६ पासून आता प्लेऑफमध्ये त्या रात्री जे २० खेळाडू मैदानात उतरतात त्यांची बेरीज कॅपच्या आत बसायला लागते. म्हणजे पळवाट दिसली की ती बुजवायची, पण पुढच्यासाठी. तुम्ही मध्येच नियम बदललात तर तुमच्या लीगमध्ये यापुढे कोणी ड्राफ्टच्या आधी नियम वाचायची तसदी घेणार नाही, कारण वाचून फायदा काय.


कळव्याचा_डिफेन्स:

वाशीवाले भाऊ, अर्धीच गोष्ट सांगितलीत. कोवालचुकचं काय? २०१० च्या जुलैमध्ये न्यू जर्सीने इल्या कोवालचुकला १७ वर्षांचं १०२ मिलियनचं काँट्रॅक्ट दिलं, त्यातले ९५ पहिल्या १० वर्षांत आणि शेवटची पाच वर्षं फक्त साडेपाच लाख डॉलर वर्षाला, म्हणजे चव्वेचाळिशीपर्यंत तो खेळणार असं कागदावर, आणि तेवढ्या लांब वर्षांनी भागल्यामुळे कॅप हिट आला फक्त ६ मिलियन. कागदावर सगळं बरोबर होतं ना? तरी लीगने काँट्रॅक्ट नाकारलं, प्लेअर्स युनियन लवादाकडे गेली आणि लवादाने लीगची बाजू उचलून धरली. नंतर १५ वर्षं १०० मिलियनवर तडजोड झाली आणि वर टीमला ३ मिलियन दंड आणि ड्राफ्ट पिक्स (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायच्या पाळ्या) पण गेले. तेव्हा लीगने म्हटलं नाही की "लिहिलंय तसं".

कॅप कशासाठी आहे? दहाही जणांना सारखेच पैसे मिळावेत म्हणून. एक जण १०४ वर खेळणार आणि मी ९५ वर, तर मग आम्ही पहाटे उठून कोणता गोली (गोलकीपर) खेळतोय ते बघतो कशाला? मला राग त्या मेहुण्याचा नाही, राग याचा आहे की ज्यांनी टकाचकला सोडलं त्यांनी हाच विचार करून सोडलं असणार की हा परत आला की ९.५ ची जागा करावी लागेल. त्यांना जर माहीत असतं की जागा करावीच लागत नाही तर तो शेवटच्या राउंडपर्यंत राहिलाच नसता.


कासारवडवली_कमिशनर:

कळवेकर, तुमचा शेवटचा मुद्दा आमच्या ग्रुपवर पण एकाने मांडला आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाहीये. मला पण हेच खटकतंय. ग्रुपवरचे दोघं सांगतायत की आम्ही पण त्याला घेतला असता.


भावोजींचा_मेहुणा:

भावोजींनी लिंक घरच्या ग्रुपवर टाकली म्हणून इथे आलो, मीच तो. लिहिलंय ते सगळं खरं आहे, त्यात काही लपवाछपवी नाही. पण माझी बाजू पण ऐका. ऑक्टोबरपासून माझा आयआर स्लॉट अडकलाय, मध्ये माझा एक डिफेन्समन जखमी झाला तर त्याला ठेवायला जागा नव्हती, सोडून द्यावा लागला आणि तो दुसऱ्याच दिवशी कळव्याच्या एका मेंबरने उचलला. टकाचककडून आत्तापर्यंत शून्य पॉइंट. तो परत येऊन पहिल्यासारखा खेळेलच याची कोणी हमी दिली होती का? रिस्क मी घेतली. आणि नियम मी ड्राफ्टच्या आदल्या रात्री परत वाचला होता, तो सगळ्यांकडे होता. मी कोणाकडून काही चोरलेलं नाही आणि "फसवणूक" हा शब्द मला लागला, ग्रुपवर ज्यांनी लिहिला त्यांच्याबरोबर मी शाळेपासून आहे.

भावोजी निर्णय देतील तो मी मान्य करेन, पण मला कारण कळलं पाहिजे, आरडाओरडा जास्त झाला म्हणून निर्णय असं नको.


नेरुळ_ताळेबंद:

मी अकाउंट्समध्ये आहे आणि आमच्या लीगची (बारा जणी-जण, नेरुळ ते खारघर) कॅपची शीट मीच सांभाळते, त्यामुळे हे प्रकार बरेच बघितलेत. मला वाटतं वाशीवाले आणि कळवेवाले दोघंही बरोबर उदाहरणं देतायत पण ती एकमेकांविरुद्ध नाहीतच. कोवालचुकच्या वेळी लीगच्या करारात कॅप चुकवण्याच्या प्रयत्नाविरुद्ध वेगळं कलम आधीपासून लिहिलेलं होतं, लवादाने त्याच कलमावर बोट ठेवलं. लीगने हवेतून हेतू शोधून काढला नाही. कुचेरोवच्या वेळी प्लेऑफमध्ये कॅप लागू आहे असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून सोडलं. म्हणजे दोन्ही वेळा लिहिलेल्या कागदावरच निकाल लागलाय. आता दादा तुमच्या रूलबुकमध्ये "कॅप चुकवण्यासाठी केलेली कोणतीही चाल रद्द करता येईल" असं काही आहे का? तुम्ही दिलेल्या माहितीत तरी फक्त "कमिशनरचा निर्णय अंतिम" एवढंच आहे. त्या ओळीचा अर्थ माझ्या मते असा की नियमाचा अर्थ लावायचा अधिकार तुम्हाला आहे, नवीन नियम करायचा नाही. सोसायटीचा सेक्रेटरी उपविधीचा अर्थ सांगू शकतो पण सर्वसाधारण सभेशिवाय उपविधी बदलू शकत नाही, तसंच.

म्हणून या सीझनला मेहुणेबुवांचं म्हणणं शब्दाने बसतं आणि ते चालू द्यावं लागेल. हे मला आवडतं असं नाही. पण कळवेकरांचा मुद्दा, की बाकीच्यांना हे माहीत नव्हतं, त्याला उपाय आहे आणि तो आत्ताच करता येतो, टकाचक बर्फावर उतरायच्या आत. तुम्ही आज ग्रुपवर लेखी जाहीर करा की आयआरवरून ॲक्टिव्ह करणं ही ॲड धरली जाणार नाही, आणि हा अर्थ दहाही टीमना सीझन संपेपर्यंत सारखाच लागू. मग ज्याला कोणाला एखादा लांबचा जखमी खेळाडू घेऊन ठेवायचाय त्यानेही ठेवावा. पळवाट एकालाच माहीत असली की अन्याय, सगळ्यांना एकाच दिवशी कळली की तो खेळाचा भाग झाला. आणि हो, तो १०४ वर गेला की पुढची कुठलीही ॲड किंवा ट्रेड करताना कॅप तपासला जाणारच, म्हणजे जोपर्यंत तो ९५.५ च्या खाली येत नाही तोपर्यंत त्याची टीम गोठली. गोली जखमी झाला तरी नवीन गोली घेता येणार नाही. मार्च-एप्रिलमध्ये, फँटसी प्लेऑफच्या आठवड्यांत, ही छोटी शिक्षा नाहीये, हे त्यांनी पण लक्षात घ्यावं.

दुसरं, निर्णय तुम्ही देऊ नका. नात्यातला माणूस आहे म्हणजे तुम्ही कितीही सरळ वागलात तरी कोणीतरी बोलणार. ज्या तीन मेंबरांचा या वादात फायदा-तोटा सगळ्यात कमी आहे, म्हणजे जे टेबलात तळाला आहेत किंवा त्याच्याशी खेळणारच नाहीयेत, त्यांची समिती करा आणि कारणासकट लेखी निर्णय घ्या. तुमची सही नको त्यावर.

पुढच्या सीझनसाठी मात्र नियम घट्ट करा आणि तो उन्हाळ्यातच करा, ड्राफ्टच्या तोंडावर नाही. आमच्याकडे असं आहे: कॅप रोज तपासतो, मॅचच्या वेळी जी लाइनअप लॉक होते ती कॅपच्या आत नसेल तर त्या रात्रीचे पॉइंट्स शून्य. आयआरची सवलत ड्राफ्टच्या दिवशी आधीच जखमी असलेल्याला मिळत नाही, फक्त नंतर जखमी झालेल्याला. खऱ्या लीगमध्येही लाँग टर्म सवलतीसाठी कमीत कमी २४ दिवस आणि १० मॅच बाहेर राहणार असला पाहिजे अशी अट आहे, आम्ही ती तशीच घेतली, दोन दिवसांच्या तापासाठी कोणी कॅप मोकळा करू नये म्हणून. आणि खेळाडू बरा होऊन ॲपवर आयआरचा शिक्का गेला की ४८ तासांत एकतर त्याला आत घ्या नाहीतर सोडा.

अजून एक विचारते, तुमच्या रूलबुकमध्ये कॅप हिटचा आकडा कुठून घ्यायचा ते लिहिलंय का? आमच्याकडे कॅपफ्रेंडली लिहिलेलं होतं आणि ती साइट वॉशिंग्टन कॅपिटल्सने विकत घेऊन जुलै २०२४ मध्ये बंद केली, सीझन दारात आणि नियमात नाव एका अशा साइटचं जी उघडतच नाही. आता आम्ही पकपीडिया लिहिलंय आणि पुढे हेही लिहिलंय की ती पण बंद झाली तर ड्राफ्टच्या दिवशी शीटमध्ये जो आकडा होता तोच. तो स्क्रीनशॉट सगळ्यांच्या मेलवर जातो.


ऐरोली_तिसरी_शिफ्ट:

ताईंनी आकड्याचं लिहिलं त्यात भर घालतो, रिटेन्ड सॅलरी, म्हणजे खेळाडू ट्रेड होताना एखादी टीम त्याच्या हिटचा काही भाग स्वतःच्या कॅपवर ठेवते ते. गेल्या सीझनला आमच्याकडे यावरून लीग मोडायची वेळ आली होती. जानेवारी २०२५ मध्ये रँटानेन कोलोराडोवरून कॅरोलायनाला गेला तेव्हा त्याच्या ९.२५ पैकी अर्धे त्या सौद्यातल्या तिसऱ्या टीमने, शिकागोने, स्वतःकडे ठेवले. कॅरोलायनाच्या पानावर त्याचा आकडा दिसतो ४.६२५. ज्याच्याकडे रँटानेन होता तो दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज टाकतो की माझ्याकडे साडेचार मिलियन मोकळे झाले, आणि लगेच एक मोठा डिफेन्समन उचलतो. बाकीचे म्हणतात शिकागोने पैसे भरले त्याचा तुझ्याशी काय संबंध.

आम्ही शेवटी ठरवलं की फँटसीत पूर्ण हिट, कोण किती भरतंय ते बघायचं नाही. कारण साधं आहे, खऱ्या लीगमध्ये जी टीम पैसे ठेवून घेते तिच्या कॅपमध्ये ते मोजले जातात, आणि एका टीमला एकावेळी तीनच अशी काँट्रॅक्ट ठेवता येतात, म्हणजे ते पैसे गायब होत नाहीत, कोणीतरी जागा देतं. आपल्याकडे ती जागा कोणीच देत नाही, म्हणजे फुकटची सूट. दोन मेंबरांच्या आपसातल्या ट्रेडमध्ये मात्र रिटेन करायला आम्ही परवानगी ठेवली, अर्ध्यापर्यंत, कारण तिथे ज्याने ठेवलं त्याच्या कॅपवर खरंच भार पडतो, आणि त्यामुळे सीझनच्या मध्यावर सगळ्यांचे कॅप भरलेले असले तरी ट्रेड चालू राहतात, नाहीतर जानेवारीनंतर सगळे नुसते बघत बसतात. हा नियम माझ्या मते कॅप लीगचा सगळ्यात चांगला भाग आहे. तळाच्या टीमला दुसऱ्याचा भार उचलून बदल्यात पुढच्या वर्षीचं पिक मिळतं आणि तिचा सीझन संपत नाही.


पनवेल_पहाटे:

वेळ कुठली ते पण लिहा रूलबुकमध्ये, भारतीय वेळ लिहा. तिकडचं घड्याळ नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातं, मग संध्याकाळी ७ ची मॅच आपल्याकडे साडेचारऐवजी साडेपाचला येते, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी परत साडेचारला. ट्रेड डेडलाइन या वेळी ६ मार्चला तिकडे दुपारी ३, म्हणजे आपल्याकडे ६ ची मध्यरात्र उलटून ७ तारखेचा पहाटेचा दीड. "६ मार्चपर्यंत" एवढंच लिहिलं तर कोणीतरी ६ च्या रात्री बारा वाजता संपलं म्हणणार.


कळव्याचा_डिफेन्स:

ताई, करारात कलम आधीपासून होतं हा मुद्दा मान्य. मला अजूनही १०४ ची टीम पटत नाही, पण त्याची टीम गोठते हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं आणि त्याने बराच फरक पडतो. गोठलेल्या टीमला मार्चमध्ये दोन जखमी झाले तरी संपलं. फक्त दादा, हे गोठणं पण त्याच लेखी निवेदनात टाका, नाहीतर प्लेऑफच्या आठवड्यात परत नवीन अर्थ निघेल.

आणि मेहुणेबुवा, शून्य पॉइंटचा आयआर स्लॉट दोन-अडीच महिने धरून ठेवणं सोपं नाही, ते पण मान्य करतो.


कासारवडवली_कमिशनर:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ग्रुपवर कॉल घेतला. तिघांची समिती झाली, मी आणि मेहुणा दोघंही त्यात नाही. त्यांनी लेखी दिलंय: या सीझनला आयआरवरून ॲक्टिव्ह करणं ही ॲड नाही, दहाही जणांना लागू, कॅपच्या वर असलेल्या टीमला खाली येईपर्यंत ॲड नाही, ट्रेड नाही, ड्रॉप करता येईल. कॅप चुकवण्याविरुद्धचं कलम आणि रोज तपासणी पुढच्या सीझनपासून, त्यावर जूनमध्ये मतदान, दहापैकी सात मतं लागतील. दोघं जण अजून नाराज आहेत पण कारण वाचून गप्प बसलेत, लीग सोडतो म्हणणाऱ्याने सोडली नाही. मेहुण्याने स्वतःहून विचारलं की गोठण्यापेक्षा मी एकाला सोडून ९५.५ च्या खाली आलो तर चालेल ना, म्हटलं चालेल की, तुझा तो हक्कच आहे.

आकड्याचा सोर्स आणि रिटेन्ड सॅलरी दोन्ही यादीत घेतलंय. आता एकच शंका राहिली. एकाकडे काप्रिझोव आहे, त्याचा आत्ता हिट ९, पण मिनेसोटाबरोबर ८ वर्षांचं १३६ मिलियनचं नवीन काँट्रॅक्ट झालंय. त्याला ट्रेड करायचाय तर समोरचा म्हणतो मी १७ धरून बोलणार. आकडा कुठला धरायचा?


नेरुळ_ताळेबंद:

या सीझनला ९ च. नवीन काँट्रॅक्ट २०२६-२७ पासून लागू होतं, सही कधी झाली त्याला कॅपमध्ये महत्त्व नाही. पण समोरचा १७ चा विचार करून किंमत कमी लावत असेल तर तो त्याचा सौदा आहे, त्यात कमिशनरने पडायचं नाही. कीपर लीगमध्ये ९ चा काप्रिझोव म्हणजे फक्त या एप्रिलपर्यंतचा काप्रिझोव. पुढच्या वर्षी खरा कॅप पण १०४ होणार आहे, त्यामुळे ठेवायचा की नाही ते तेव्हाच्या कॅपवर बसून बघा, आणि तुमचा कॅप खऱ्याबरोबर आपोआप वाढणार की तुम्ही ठरवणार हे पण त्या जूनच्या मतदानात घ्या. आमच्याकडे आपोआप वाढतो.


ऐरोली_तिसरी_शिफ्ट:

आणि ट्रेड करताना शीटमध्ये दोन कॉलम ठेवा, चालू वर्षाचा हिट आणि पुढच्या वर्षीचा. ट्रेडचा मेसेज टाकतानाच दोन्ही आकडे लिहायचे असा नियम केला की नंतर "मला माहीत नव्हतं" हे कोणी म्हणू शकत नाही. रिकामी शीट हवी असेल तर मेसेज करा, पाठवतो.